आडनावावरून जात ओळखणाऱ्यांसाठी, वडखळ नाक्यावरून

माझं आडनाव पाटील. म्हणजे खरं तर मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. आमच्या वडखळ-पेण पट्ट्यात आगरी पाटील आहेत, कोळी पाटील आहेत, मराठा पाटील आहेत. घाटावर गेलात तर लिंगायत पाटील आणि जैन पाटीलही भेटतील. पाटील हे एका कामाचं नाव होतं. सारा गोळा करायचा, गावचा तंटा सोडवायचा. ते पिढीजात पद १९६२ च्या कायद्याने गेलं, पण आडनाव राहिलं. तरीही नवीन माणूस भेटला की तिसऱ्या वाक्यात विचारतोच, "पाटील म्हणजे... नक्की कुठले?" त्याला गाव नको असतं, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ग्रुपवर फिरणारी एक यादी. "आडनावावरून ओळखा" अशा मथळ्याची. डावीकडे आडनावं, उजवीकडे जाती. निवडणुका जवळ आल्या की अशा याद्या उगवतात, पावसाळ्यात टाकळा उगवावा तशा. आणि ही सवय फक्त रिकामटेकड्या फॉरवर्डवाल्यांना आहे असंही नाही. २०२२ साल आठवा. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी आकडेवारी हवी होती, त्यासाठी माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. वेळ कमी होता. मतदार याद्यांतल्या आडनावांवरून कोण ओबीसी आणि कोण नाही, याचा हिशेब चालू असल्याचं जूनमध्ये बाहेर आलं आणि एकच गदारोळ झाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे नेते त्या दिवशी एका सुरात बोलले की आडनावावरून जात ठरत नाही. पुढे जुलैमध्ये अहवाल आला, सुप्रीम कोर्टाने आरक्षणाला वाट मोकळी केली आणि आडनावांचा विषय सगळे विसरले. मी विसरलो नाही, कारण आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर एसटीच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

वडखळ नाका ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. मुंबईकडून पेण ओलांडून आलात की इथे रस्ता फुटतो. सरळ गेलात तर नागोठणे, पुढे गोवा. उजवीकडे वळलात तर पोयनाड, पेझारी, अलिबाग. दिवसभर इथून एसट्या जातात आणि त्यांच्या पाट्या वाचत उभं राहिलं, तर अर्ध्या कोकणाची आडनावं वाचून होतात. पेण, रोहा, चौल, नागाव, किहीम. पुढे फक्त 'कर' लावायचं.

आता या 'कर'ची गंमत बघा. पेणमध्ये राहणाऱ्याला कुणी पेणकर म्हणत नाही. तिथे सगळेच पेणचे. आमच्या आजीच्या बोलीत "कंचे गावचा रं तू?" हा प्रश्न गावाबाहेर गेल्यावरच येतो. पेणचा माणूस मुंबईला गेला, पलटणीत शिरला, गिरणीत लागला, तिथल्या कारकुनाने "कुठला?" म्हणून विचारलं आणि वहीत लिहिलं, पेणकर. म्हणजे 'कर' लावलेलं आडनाव आपण कुठे राहतो ते सांगत नाही. कुठून निघालो ते सांगतं. तो सोडलेल्या घराचा पत्ता असतो. त्यात जात कुठेच नाही, कारण गाव सोडून जाणारे सगळ्या जातींचे होते.

आणि सगळ्या धर्मांचेही. इथेच ती यादी करणारा पुरता फसतो.

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर, झिराडकर, पेझारकर, वाकरुळकर, दिवेकर. ही आडनावं वाचून काय अंदाज बांधलात? ही सगळी बेने इस्राएल कुटुंबांची आडनावं आहेत. ज्यू लोकांची. अष्टमी म्हणजे रोह्याला लागून कुंडलिकेकाठची अष्टमी, वाकरुळ आमच्या पेण तालुक्यातलं. अशी शंभरावर गावं या समाजाच्या आडनावांत आहेत आणि त्यातली बहुतेक जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. (जिल्ह्याचंही नाव १९८१ च्या १ जानेवारीला बदलून रायगड झालं, पण जुनी माणसं अजून कुलाबाच म्हणतात.)

त्यांची कथा आमच्या भागात लहानपणापासून ऐकायला मिळते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. ती जागा आजही आहे, तिथे स्मारकही उभं केलंय. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासक भांडत असतात, त्यात मी पडत नाही. मला त्यातला चौदाचा आकडा गमतीचा वाटतो, कारण परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं उठवून चित्पावन केले, अशीही एक कथा आहे. कोकणच्या समुद्राला चौदा आकडा फार आवडत असावा.

वाचलेली माणसं गावोगाव पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. बघा, गावाने त्यांना त्यांच्या धर्मावरून ओळखलंच नाही. सुट्टीच्या वारावरून आणि धंद्यावरून ओळखलं आणि एक जात करून टाकली. आपल्याकडे कुणालाही जातीशिवाय ठेवायची पद्धत नाही. त्यांची नावंही इथल्या मातीत मुरली. अब्राहामचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. कंपनी सरकारच्या फौजेत या समाजाची माणसं मोठ्या संख्येने भरती झाली. त्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि आपण लोकलने जातो त्या मशीद बंदर स्टेशनचं नाव या मशिदीवरून पडलं असं सांगतात.

शिकलेल्या पिढीने काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. किहीमवरून आडनाव घेतलेले हाईम सॅम्युएल केहिमकर हे या समाजाचे इतिहासकार. त्यांनी आणि त्यांच्या भावांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ पर्यंत लिहून ठेवला होता. तो छापून आला १९३७ मध्ये, तोही थेट तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून. मराठी माणसाचं पुस्तक रखडण्याची परंपरा जुनीच म्हणायची. त्याआधी १८७४ साली पुण्यात या समाजाची हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. एकीकडे हिब्रू, एकीकडे मराठी, आणि चित्रांतल्या बायका चक्क लुगड्यात. राजपुरीचं गाव आडनावात घेऊन जोसेफ इझिकिएल राजपूरकर हिब्रू प्रार्थना मराठीत आणत होते.

मात्र मुंबईत स्थिरावल्यावर अनेकांनी 'कर' गाळलं आणि बापाचं किंवा आजोबांचं नावच आडनाव म्हणून लावलं. मोझेस, रूबेन, सॅम्युएल. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा आठवतात? डेव्हिड. पडद्यावर फक्त डेव्हिड असं नाव यायचं. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौल इथून गाडीने तासा-सव्वा तासावर आहे. आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं, की तो माणूस नावात आपला जिल्हा घेऊन फिरत होता?

काही वर्षांपूर्वी नाक्यावर एक गाडी थांबली. मागच्या सीटवर एक म्हातारी, बरोबर मुलगा आणि नातवंडं. नातवंडांना मराठीचा गंध नाही. म्हातारीने काच खाली करून विचारलं, "दादा, हा रस्ता कुठं जातो रे? आमच्या गावाला जायचंय." गावाचं नाव सांगितलं. तेच त्यांचं आडनाव होतं, म्हणून इथे लिहीत नाही. इस्रायलहून आली होती मंडळी. मला नवल वाटलं ते तिच्या मराठीचं. माझी आजी बोलायची तसं. "आमचे वडील इथनंच निघाले," "विहिरीपाशी घर होतं म्हणे." आपली मराठी मोबाईलने आणि मालिकांनी बदलली, तिची एका पेटीत बंद करून नेल्यासारखी तशीच होती. मी त्यांना रस्ता दाखवला, आणि गावात कोणाला भेटायचं तेही सांगितलं. संध्याकाळी परत जाताना गाडी पुन्हा थांबली. घर सापडलं नव्हतं, विहीर सापडली होती. तिने सुपारीएवढा मातीचा गोळा रुमालात बांधून घेतला होता.

इथून गेल्यावर त्यांचं सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. १९६२ च्या सुमारास इस्रायलमधल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांची लग्नं नोंदवताना त्यांच्या मागच्या पिढ्या तपासायला सांगितल्या. तुम्ही खरेच ज्यू कशावरून? इतकी शतकं कोकणात होतात, कुणाशी रोटीबेटी केलीत कोण जाणे. हे लोक रस्त्यावर उतरले, धरणी धरली. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला, की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. ज्यांनी अडीच हजार मैलांवर, तेलाच्या घाण्यावर बसून शनिवार पाळला, त्यांना शनिवार पाळणाऱ्यांच्या देशात कागद दाखवावे लागले. आणि आपल्या राज्यात? ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा मिळायला २०१६ साल उजाडलं. तोवर फॉर्मवर "इतर".

हेही सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मी गोडगोड लिहितोय असं वाटायला नको. बेने इस्राएलांतसुद्धा गोरे आणि काळे असे दोन भाग होते आणि दोघांत लग्नं होत नसत. सात जोडप्यांच्या थेट वंशातले ते गोरे, बाकीचे काळे, असा हिशेब. आडनावं दोघांचीही गावांचीच. एकाच 'कर'च्या दोन पंगती. जातीचा पाझर कुठवर जातो, ते यावरून लक्षात यावं.

आता यादीवाल्यांकडे परत येतो. दिवेकर कोण? चित्पावन दिवेकर आहेत, बेने इस्राएल दिवेकर आहेत. दांडेकर म्हटलं की तुम्ही कोकणस्थ ब्राह्मण असं लिहून मोकळे होता, पण बेने इस्राएलांतही दांडेकर आहेत. ठाकूर घ्या. आमच्याकडे आगऱ्यांमध्ये ठाकूर हे आडनाव आहे, आणि पेण-कर्जतच्या डोंगरात ठाकूर नावाची आदिवासी जमातच आहे. तिसरे ठाकूर उत्तर प्रदेशातले, ते राजपूत. देशमुख ब्राह्मण असतात, सीकेपी असतात, मराठा असतात, मुसलमानही असतात. कोणता कॉम्प्युटर हे वेगळं करणार?

मोठी आडनावं असलेल्यांना याचा फारसा त्रास नाही. चहाच्या टेबलावरचा विषय आहे तो. त्रास होतो तो पवारांना. सगळ्या नव्हे, कातकरी पवारांना.

आमच्या बाजूच्या कातकरी वाड्यांवर पवार, जाधव, वाघमारे, मुकणे, हिलम अशी आडनावं सापडतात. ओळखीच्या वाडीवरचा एक मुलगा दहावी झाला. त्या वाडीतले दहावी झालेले एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्याचा जातीचा दाखला काढायला मी बरोबर गेलो. कुठल्या कचेरीत ते सोडा. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज पाहिला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पवार? पवार तर मराठा ना?" मुलगा गप्प. मी सांगितलं, साहेब, कातकरी पवार. "मग पुरावा आणा." पुरावा म्हणजे काय, तर अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास आणि जातीची नोंद. आता कातकऱ्याकडे १९५० चा कागद कुठून यायचा? जमीन नाही, म्हणजे सातबारा नाही. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणजे शाळेचा दाखला नाही. सहा महिने वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, सहा महिने वाडीवर. ज्या जमातीचं नावच खैराचा कात काढण्यावरून पडलं, तिचा तो धंदा इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी गेला आणि नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. त्या मुलाचा दाखला शेवटी मिळाला. पाच हेलपाटे, अकरावीच्या प्रवेशाची पहिली फेरी हुकली. त्याचं आडनाव पवारऐवजी हिलम असतं तर तीन हेलपाट्यांत काम झालं असतं, असं तिथल्याच शिपायाने मला चहा पिताना सांगितलं.

आणि त्या मुलाच्या घराण्याला पवार हे आडनाव कुठून आलं? त्याच्या आजीला विचारलं. ती म्हणाली, "मास्तरानी लिवला." शाळेच्या पटावर तीन रकाने होते, तिसरा रिकामा ठेवता येत नव्हता. त्याआधी वाडीवर माणसाला वाराचं नाव पुरायचं. सोम्या, मंगळ्या, बुधी, शुक्री. कुणाचा तो बापाच्या नावावरून कळायचं.

हे मागासलेपण आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. पश्चिम आफ्रिकेत, घानामध्ये, अकान नावाचा मोठा समाज आहे. त्यांच्याकडेही मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. पुढचं नावही बापाचंच हवं असं नसायचं, एकाच आईबापाच्या भावंडांची पुढची नावं वेगवेगळी असू शकत. अन्नान म्हणजे चौथं अपत्य. मिशनच्या शाळा आणि इंग्रजांची दप्तरं आली तेव्हा ही नावं आडनाव म्हणून गोठली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान म्हणजे आमच्या वाडीच्या भाषेत शुक्ऱ्या चौथा. वाडीवरच्या शुक्रीला हे मी सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की तोंडातलं पान बाहेर आलं.

त्या अकान लोकांत घराणं चालतं आईकडून. आपल्या सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं आणि मग आडनाव असा क्रम लावला. चांगलं केलं. पण शेवटचा रकाना आहे तिथेच आहे.

आडनाव मुद्दाम बदलून घेणारेही आहेत आणि त्यांची कारणं हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून शाळेत आंबडवेकर लागलं, त्याचं पुढे आंबेडकर झालं. आडनावाने जात सांगण्याऐवजी गाव सांगावं, ही त्यातली सोय. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, त्याच आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आज तेच आडनाव नुसतं उच्चारलं तरी समोरचा जात ठरवून मोकळा होतो. ज्या नावाने जात झाकायची, त्याचीच जात करून ठेवली आपण. शनवार तेल्यांचं केलं तसंच.

आता आमच्या गावाचं. वडखळकर नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही. असतील कुठेतरी, मुंबईत, पुण्यात. पण मी या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघतो. 'कर' गाव सुटल्यावर लागतं म्हणालो ना? २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं. विषय होता सेझसाठी जमीन द्यायची की नाही. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली भाताची गावं. माझे मामा तेव्हा मतदानाच्या रांगेत उभे होते, कुबड्या घेऊन. लोकांनी जमीन द्यायला नकार दिला, सेझ बारगळला आणि ती गावं राहिली. त्या दिवशी उलटं घडलं असतं, तर आज त्या बावीस गावांची नावं पनवेल-नवी मुंबईच्या इमारतींत दारावरच्या पाट्यांवर वाचायला मिळाली असती, पुढे 'कर' लावलेली.

आता पुन्हा मोजणीवाले फिरतायत. रस्ता रुंद होतोय, कारखाना वाढतोय, खारेपाटात मातीचे डंपर रात्रीसुद्धा चालू असतात. परवा एक जण टेप घेऊन आमच्या बांधावर आला होता. वहीत लिहिण्यासाठी त्याने नाव विचारलं. मी सांगितलं, पाटील. तो म्हणाला, "पाटील म्हणजे नक्की कुठले?"

मी म्हणालो, वडखळचे. इथलेच.